शेवटून दुसरं बटण

मी नगराध्यक्षपदाची निवडणूक हरले त्या दुपारी घरी आले, भाकर आणि वांग्याची भाजी पोटभर खाल्ली आणि दिवेलागणीपर्यंत ढाराढूर झोपले. महिनाभरात पहिल्यांदा अशी झोप लागली. शेजारच्या बाया सांत्वनाला आल्या, तर आमचे हे दाराशी उभे राहून त्यांना सांगत होते, "झोपली हाय, उठवू नका." बायांना वाटलं, धक्का बसला बिचारीला. कसला धक्का अन् कसलं काय. सुटले होते मी. पण अर्धीच सुटले होते. उरलेलं अर्धं नंतर कसं सुटलं, ते सांगते.

मी सरकारी दवाखान्यातली नर्स. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी गाव अजून 'सिस्टर'च म्हणतं. गाव वर्ध्याहून बसनं तासाभराच्या आतलं, देवळीहून थोडं लहान. नगरपरिषद आहे म्हणून शहर म्हणायचं, एवढंच. माझा राग नाकावर असतो, हे मी आधीच सांगून टाकते. अर्ध्या गावाला सुई टोचली आणि उरलेल्या अर्ध्याला नुसतीच रागावली, असं आमचे हे म्हणतात. त्यांची सगळी नोकरी पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत गेली. तिथं कमी बोलण्याचा नियम होता. तो त्यांनी घरीही आणला आणि आजवर पाळला. त्यांच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं.

मी निवडणुकीला उभी राहिले ती शुक्रवारच्या बाजारापायी. आमच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाया सकाळपासून अंधार पडेस्तोवर बसतात आणि त्यांना जायला एक संडास नाही. पुरुषांचं काय, भिंत दिसली की झालं. बाया मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. दवाखान्यात याच बाया माझ्यासमोर यायच्या, कुणाला लघवीची जळजळ, कुणाला ताप, कुणाच्या पाठीत कळा. मी डाफरायचे, पाणी पीत जा म्हणून. त्या म्हणायच्या, "पिऊन जाऊ कुठं, सिस्टर?" संडासासाठी मी नगरपरिषदेत अर्ज देऊन देऊन थकले. दर निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांचे लोक हात जोडून यायचे, "सिस्टर, तुमचं काम पहिलं" म्हणायचे, आणि निवडून आले की त्यांना पहिलं दुसरंच काही दिसायचं.

या खेपेला नगराध्यक्षपद बाईसाठी राखीव सुटलं. लगेच दोन्ही पक्ष कुणाची बायको उभी करायची ते हुडकायला लागले. मी घरात तणतणत म्हणाले, "यापेक्षा मीच उभी राहते, अपक्ष." आमचे हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "राह्य." झाली माझी उमेदवारी.

माझा धाकटा भाऊ गावातच राहतो, दोन गल्ल्या पलीकडे. एका मोठ्या पक्षाचं काम तो वर्षानुवर्षं करत आलाय. खुर्च्या मांडणं, झेंडे बांधणं, मतदानाच्या दिवशी केंद्रात पक्षाचा एजंट म्हणून बसणं, सगळी राबायची कामं. भाऊबीजेला मी ओवाळताना त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "ताई, तू उभी राह्यली तं आमच्याईचं काई खरं नाई," म्हणाला. भावजयही हसली. ती आमची गरीब गाय, चार माणसांत तोंड उघडायची नाही.

आणि दिवाळी संपते न संपते तोच त्याच्या पक्षानं तिकीट दिलं ते त्याच भावजयीला. डोकं कुणाचं होतं ते काही कळलं नाही, पण हिशेब साफ होता. नणंद लाजेकाजेनं अर्ज मागं घेईल, नाहीच घेतला तर घरातल्या घरात मतं फुटतील. भाऊ माझ्याकडे आला. "ताई, अर्ज मागं घे."

"तिले इचारलं का, तिले उभं राह्यचं हाय का?"

"आता तिचं नाव गेलं वर."

"मंग तूच तिचं मागं घे. माह्यं कोणी वरून नाई पाठवलं."

शब्दानं शब्द वाढला. मी त्याला पक्षाचा गडी म्हणाले, तेही मोठ्यानं. त्यानं चहा तसाच ठेवला आणि चपला घालता घालता म्हणाला, "मंग या दारी मी येत नाई. तू बी आमच्या दारी येऊ नको."

आई-बाबा गेल्यावर माहेर भावजयीच्या हातात असतं. तिनं दार उघडलं तर माहेर, नाहीतर ते गावातलं एक घर. मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी अर्ज मागं घेतला नाही, कारण शुक्रवारी बाजारात गेले की त्या बाया माझ्याकडे बघायच्या. पण प्रचाराला निघताना मी भावाची गल्ली टाळायला लागले. एकदा चौकात समोरून त्यांची जीप आली. वर भावजय उभी, गळ्यात हार, डोक्यावरचा पदर कुणीतरी पिन लावून पक्का केलेला. आमची नजरानजर झाली. तिनं मान खाली घातली, मीही घातली. ढोल वाजत पुढे गेला. घरी येऊन मी ह्यांच्यावर उगाचच ओरडले. निवडणूक जिंकले काय आणि हरले काय, माझं माहेर गेलं, असं त्या दिवशी मला पक्कं वाटलं.

माझं चिन्ह होतं बादली. संडास मागणाऱ्या बाईला बादली. विरोधकांनी हसून घेतलं, मग आम्हीही हसून घेतलं. माझ्या प्रचाराची सगळी सूत्रं एका काकीच्या हातात होती. काकी बाजारात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकते. तिचा आवाज असा की तिला लाउडस्पीकर द्यायची सोयच नाही. उमेदवारांची यादी नगरपरिषदेच्या फळ्यावर लागली तेव्हा आम्ही दोघी बघायला गेलो. वर पक्षवाले, मग अपक्ष, आणि अपक्षांतही माझं नाव सगळ्यात शेवटी. मी खट्टू झाले. काकीची मात्र कळी खुलली. म्हणाली, "अवो सिस्टर, हे तं लय चांगलं झालं. आपल्या अर्ध्या म्हाताऱ्याईले बादली दिसत नाई का फुगा दिसत नाई. सगळ्यात खालचं बटण म्हटलं का झालं. बोटानंच लागते."

पटण्यासारखं होतं. दोन-चार दिवसांत ते गावभर झालं. बाया एकमेकींना भेटल्या की 'सगळ्यात खालचं' म्हणून हसायच्या. बाजारात मेथीची जुडी देताना काकी गिऱ्हाइकाच्या कानात तेच सांगायची, आणि तिचं कानात सांगणं चौकापर्यंत ऐकू जायचं.

प्रचार संपायला एक दिवस उरला होता. दुपारची वेळ. मी अंगणातल्या चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत होते. फाटकाशी मोटरसायकल थांबली. बघते तर भाऊ. गळ्यातला पक्षाचा दुपट्टा त्यानं फाटकाबाहेरच काढला, घडी करून खिशात कोंबला, मग आत आला. या दारी येत नाही म्हणाला होता ना, म्हणून पायरी चढला नाही. अंगणातच उभा राहिला.

"ताई, तुह्या बाया गावभर काय सांगून राह्यल्या?"

"काय सांगून राह्यल्या?"

"सगळ्यात खालचं बटण दाबा म्हून."

"मंग? माह्यं नाव खालीच हाय. तुह्या पोटात काऊन दुखते?"

"तुह्यं नाव खाली हाय, पण तुह्या खाली अजून एक बटण राह्यते. नोटाचं. ज्याले यातला कोणीच नको असन त्याचं. सगळ्यात खालचं ते हाय, तुह्यं नाई."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. फळ्यावरची यादी माझ्या नावाला संपत होती. यादीत नोटा कसा असेल, तो काही उमेदवार नाही. आणि मी आजवर इतक्यांदा मत दिलं, पण आपलं बटण दाबलं की बाहेर, मशीनच्या तळाशी काय आहे ते बघत कोण बसतं? माझ्या सगळ्या बायांची तीच गत. अर्ध्या गावाला आम्ही जीव तोडून शिकवलं होतं की यातला कोणीच नको म्हणा.

पण माझा स्वभाव. सरळ विश्वास ठेवेन तर मी कसली. म्हटलं, "तुले कोणं पाठवलं?"

"कोणाले माईत बी नाई मी आलो म्हून. दर निवडणुकीत एजंट बसतो मी. मशीन मले नाई माईत असन तं कोणाले?"

"मंग चूप बसाचं होतं ना. तुह्या घरचाच फायदा होता."

त्यानं चुलीतलं लाकूड पायानं आत सारलं. मग म्हणाला, "पडाचं असन तं आमच्यापासून पड, ताई. चुकीचं बटण शिकवून काऊन पडतं?"

एवढं बोलून तो वळला. मी म्हटलं, "शेंगा खाऊन जा." "येळ नाई," म्हणाला, पण परत आला, झाऱ्यातल्या गरम शेंगा मूठभर उचलल्या, ह्या हातातून त्या हातात करत शर्टच्या खिशात टाकल्या आणि गेला. मी चुलीजवळ बसून रडले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं सांगायचीही सोय नव्हती, कारण आमचे हे मागं उभे होते.

"तो आलता," मी म्हटलं.

"पाह्यलं मी," ते म्हणाले.

खरं सांगते, त्या घडीला मला मतांचं काही वाटलं नाही. भाऊ बोलला होता, माझ्यासाठी बोलला होता. माझा जीव भांड्यात पडला. मग मतं आठवली, आणि ते भांडं पुन्हा चुलीवर चढलं.

काकीला सांगितलं तेव्हा ती आधी माझ्यावरच चिडली. "मंग त्याईनं आपल्या खाली अजून एक बटण ठेवलंच काऊन?" बाप्पा! मी म्हटलं, चिडायला नंतर वेळ मिळेल, आता एका दिवसात गावभर उलटं शिकवायचं आहे. आणि हे काम कसं करायचं ते मला चांगलं माहीत होतं. सगळी नोकरी मी तेच केलं होतं. पोलिओचे थेंब पाजायला आम्ही घरोघर जायचो तेव्हा दोघी-दोघींना एकेक गल्ली वाटून दिलेली असायची. ज्या घरातल्या लेकरांना थेंब मिळाले त्या दारावर खडूनं एक खूण. कुलूप असेल तिथं फुली, म्हणजे संध्याकाळी पुन्हा यायचं. त्यात एक घर सुटलं तरी वरून बोलणी बसायची.

तस्संच केलं. सकाळी माझ्या अंगणात बाया जमल्या, त्यांना गल्ल्या वाटल्या, खडू दिले. बोलायचं एवढंच, खालचं नाही, त्याच्या वरचं, बादली पाहून दाबा. सांगून झालं की दारावर एक उभी रेघ, दुसरं काही लिहायचं नाही. आणि मी दवाखान्यातल्या आवाजात दम दिला, "एकही दार सोडायचं नाही. घर कुणाचं आहे ते बघायचं नाही. थेंब पाजताना बघत होतो का आपण?" भावाची गल्ली मी स्वतःकडे ठेवली नाही. माझी हिंमत झाली नाही. ती काकीकडे गेली.

ज्यांना दिसत नाही त्यांना कसं समजवायचं, हा घोर होता. तो काकीनंच सोडवला. ती पंजा आडवा धरायची, अंगठा वर, करंगळी खाली. करंगळी मिटायची आणि तिच्या वरचं बोट धरून सांगायची, "करंगळी कोणाचीच नाई. अंगठीचं बोट सिस्टरचं." पहिल्याच गल्लीत एक म्हातारबुवा ऐकून घेऊन म्हणाले, मी तर तुला मत देणारच नव्हतो, पण आता समजलंच आहे तर देतो. संध्याकाळपर्यंत माझे पाय सुजले, घसा बसला, आणि गावातल्या दारांवर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. किती वर्षांनी असं दमले होते. बरं वाटलं.

मतदानाच्या दिवशी केंद्रात भाऊ एजंटांच्या बाकावर बसलेला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यानं आपल्या यादीत खूण केली, वर बघितलं नाही. मी आत गेले. सगळ्यात खाली नोटा, त्याच्या वर मी आणि माझी बादली, अगदी भाऊ म्हणाला तसं. पण मशीनवर बोट खाली नेताना मध्ये भावजयीचं नाव आलं, तिथं बोट थांबलं. मग दाबलं.

निकाल लांबला, आणि ते दिवस मी कसे काढले ते ह्यांना विचारा, नाही तर नकोच, ते सांगणार नाहीत. अखेर लागला. दुसऱ्या मोठ्या पक्षाची बाई आली. दुसरी मी. माझी भावजय तिसरी. नोटालाही मतं पडली, आणि ती सगळी कुलपं लागलेल्या घरातली, म्हणजे आपलीच, असं काकीचं अजून म्हणणं आहे. मला मात्र पहिल्यांदा काय वाटलं, तर सुटले. त्या खुर्चीत बसून गटारांच्या आणि नळांच्या तक्रारी ऐकायचं वय नाही माझं, दोन दिवसांत कुणाच्या तरी अंगावर फाइल फेकली असती. आणि मला मिळालेली मतं बघून निवडून आलेली बाई अशी घाबरली, की तिनं आधी बाजारातल्या संडासाचा पाया खणायला घेतला. आता दर शुक्रवारी मी तिथं जाऊन उभी राहते. ठेकेदार मला बघितलं की विटा मोजायला लागतो.

पण म्हटलं ना, अर्धीच सुटले होते. मोजणी झाली तिथं भाऊ मान खाली घालून माझ्याजवळून गेला. शेंगा घेऊन गेला तो दिवस खरा की हा, मला कळेना. भावजय तिसरी आली ती माझ्यामुळे, हे न कळण्याइतकी मी वेडी नव्हते.

संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं घरची बाई स्वतः दारी येऊन करते. गल्लीतल्या झाडून सगळ्या येऊन गेल्या, भावजय आली नाही. दरवर्षी ती पहिली यायची. मी म्हटलं, नाही आली तर नाही आली, मला काय वाण कमी पडलंय? हे मी इतक्यांदा म्हटलं की आमचे हे उठून बाहेर जाऊन बसले. आणि एका दुपारी तेच बाहेरून म्हणाले, "आली."

भावजय फाटकातून आत आली, हातात कुंकवाचा करंडा. पायरी चढून वर आली, मला कुंकू लावलं. "ताई, संध्याकाळी येजा."

माझ्या तोंडून गेलंच, "माह्या भावानं सांगितलं का बोलवाले?"

"त्याईनं काऊन सांगाव लागते?" ती म्हणाली. "माह्यं घर हाय."

हे आमची गरीब गाय बोलली. महिनाभर जीपवर उभं राहून काहीतरी शिकली होती ती.

संध्याकाळी मी गेले. ओसरीवर भाऊ लेंग्यात बसून तिळगुळाचा लाडू खात होता. मला बघून बाजूला सरकला आणि म्हणाला, "ये." मी आत जायला वळले आणि थांबले. दाराच्या फळीवर खडूची रेघ होती. उभी, पांढरी, जरा वाकडी. काकीच्या हातची. मी दम दिला होता, एकही दार सोडायचं नाही, घर कुणाचं ते बघायचं नाही, आणि त्या बाईनं तो शब्दशः पाळला होता. विरोधातल्या उमेदवाराच्या दारात जाऊन तिलाच शिकवून आली होती, आपलं बटण कोणतं ते. मी पुसायला पदराचं टोक पुढे केलं.

भावजय मागं उभी होती. मी पुटपुटले, "हे... काकीले समजत नाई काई. मी पुसून टाकतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "मी रोज दार पुसतो. तेवढं सोडून पुसतो."

आत बाया बसल्या होत्या, बाहेर भाऊ होता. तिनं एकदा त्याच्याकडे बघून घेतलं. मग पदराआड हात आडवा धरला, अंगठा वर, करंगळी खाली. करंगळी मिटली, आणि तिच्या वरचं बोट दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबून दाखवलं.

"काय खुसुरफुसुर चालली तुमची?" भावानं ओसरीवरून विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली, आणि माझा हात धरून मला आत घेऊन गेली.